डॉसला दिलेला नवा नंबर

त्या आठवड्यात मी इतकी शहाणी होते, की आज रस्त्यात भेटले तर स्वतःचाच कान पिळीन.

टायपिंग सेक्शनमधून परीक्षा देऊन मी कारखान्याच्या कॉम्प्युटर सेक्शनला आले होते. सहा महिने ट्रायलवर. मोटारींच्या चाचणीचे आकडे फाइलमधून वाचायचे आणि आलेख छापायचा, एवढंच काम. पण आकडे वाढले, मशीन चालवणाऱ्या डॉसच्या सहाशे चाळीस केबी मेमरीत मावेनात. "सर, प्रोटेक्टेड मोडमध्ये नेते. मेमरीच मेमरी!" हे मीच छाती काढून सांगितलं. कुणी विचारलंही नव्हतं.

शुक्रवारी अकराला गिऱ्हाइकाचे इन्स्पेक्टर येणार होते. आणि सोमवारपासून, प्रोग्राम फाइल वाचायला गेला की मशीन गोठायचं. ना एरर, ना बीप. कर्सरसुद्धा मेलेला.

माझा प्रोग्राम आता वरच्या मेमरीत राहायला गेला होता, आणि फाइल वाचून देणारा डॉस बिचारा खालच्या पहिल्या एका एमबीत. वरचं त्याला दिसतच नाही. म्हणून त्याच्या हद्दीत एक बफर, म्हणजे रिकामी जागा, मागून घ्यायचा, इंटरप्टची हाक मारून त्याला सांगायचं, 'आकडे इथे ठेव', आणि नंतर आपण ते उचलून वर न्यायचे. हे सगळं मी केलं होतं. वहीत चौकटी आखून, रंगीत पेन्सिलीने! म्हणजे चूक माझी असणं शक्यच नव्हतं. मी व्होल्टेजला शिव्या घातल्या, हार्ड डिस्कला घातल्या, मंगळवारी तर पंख्यालासुद्धा.

बुधवारी सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, शुक्रवार तक नहीं चला, तो सोमवार से वापस टाइपिंग. मैं भी क्या करूँ?" ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

टायपिंगच्या बायकांनी निरोपाला माझी ओटी भरली होती. त्यांच्यात परत कुठल्या तोंडाने बसणार होते मी? संध्याकाळी सासूबाईंबरोबर बिट्टन मार्केटला भाजीला गेले, तिथेही डोक्यात तेच.

"वांगी निवडतेस की त्यांचं ऑपरेशन करतेस?" सासूबाई म्हणाल्या. खाली बघितलं तर हातातल्या वांग्याचं देठ मी पिळून तोडलं होतं.

गुरुवारी दुपारी जेवायला नेहरू नगरला घरी आले, तर सासूबाई थंड शेगडीसमोर बसलेल्या. आमच्या क्वार्टरांना तेव्हा नवे नंबर पडले होते. दारावर जुना काळा आणि नवा पांढरा, दोन्ही.

"सिलिंडर आलं नाही?"

"आलं. दुसऱ्यांकडे. नंबर कुणी लिहून दिला होता?"

"मीच. चौदा. बरोबर आहे, आई! दारावर बघा की."

"नवा चौदा गं. त्या माणसाकडे यादी जुनी. तो जुन्या चौदात गेला, त्यांनी लावूनसुद्धा टाकलं. त्याला त्याच्या यादीतला नंबर द्यायचा, की तुझ्या?"

मी भांडले. नंबर खरा आहे, खरा आहे, म्हणता म्हणता तिथेच रडायला लागले. त्यांना वाटलं सिलिंडरसाठी.

"एवढं काय त्यात? पोहे भिजवलेत, दही घालून खा."

तिसऱ्या घासाला माझा हात थांबला.

बफर मागितला की त्या जागेचे दोन नंबर मिळतात. सेगमेंट डॉससाठी, सिलेक्टर आपल्यासाठी. जागा तीच, याद्या दोन. मॅन्युअलच्या झेरॉक्सवर दोन्ही शेजारी शेजारी छापलेले, आणि मी लाल रेघ मारली होती फक्त सिलेक्टरखाली. तोच डॉसला देत होते. आकडा लहानसा, म्हणजे अगदी तळाचा. आणि डॉसच्या यादीत त्या नंबरावर राहत कोण होतं? खुद्द डॉस! चार दिवस तो माझे आकडे इमानेइतबारे स्वतःच्याच डोक्यावर ओतून घेत होता.

ताट तसंच टाकून मी पळाले. एक ओळ बदलायची होती, ती घाईत तीनदा चुकीची टाइप केली. मी, टायपिंग सेक्शनची पहिली आलेली! शेवटी प्रोग्राम फाइल वाचून पुढे गेला आणि मी खुर्चीत नुसतीच बसून राहिले.

शुक्रवारी आलेख कर्रकर्र करत छापला गेला. इन्स्पेक्टर चहा पिऊन गेले. मी सरांना विचारलं, "सोमवार को?"

"यहीं, मॅडम. और कहाँ?"

सासूबाईंना मी हे कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी ऐकवलं असतं, हिचा कॉम्प्युटर मीच चालू करून दिला म्हणून. सांगून ते ऐकून घ्यायला हवं होतं मी. ते ताटातले पोहेही त्यांनी झाकून ठेवले होते.