एस्तेरच्या मलिद्याला दहा पुरुष

दहा पुरुष गोळा करणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे, असं मी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत समजत होते.

चिनू आणि सई, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, एस्तेरआजी इस्राएलला गेली तेव्हा तू नक्की काय गोंधळ घातलास?" तुमच्या आजोबांनी अर्धवट सांगून ठेवलंय (आणि त्या अर्ध्या भागात हुशार माणूस एकच, ते स्वतः!), म्हणून मी आता सगळं क्रमवार लिहून काढते.

एस्तेरआजी तुम्हांला आठवतेच. आपल्या रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमीत राहणारी, तुम्हांला खिसे भरभरून शेंगा देणारी. ती बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच किनाऱ्यावरचं. नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले, ही मात्र "हितली मासळी तिकडं कुठं मिळनार?" म्हणत राहिली. गेल्या पावसाळ्यात तिच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाली तेव्हा समोर मीच होते. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "सुमन, किती म्हातारी झालीस गो!" ऑपरेशन यशस्वी झाल्याचं मला डॉक्टरांच्या आधी कळलं.

दृष्टी परत आली म्हणून देवाचे आभार मानायला तिला मलिदा करायचा होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं मांडायची. त्यावर प्रार्थना म्हणायची आणि मग सगळ्यांनी मिळून खायचं. पण घाई होती. तिचा मुलगा दाविद तिला कायमचं न्यायला आला होता. दसरा उलटल्यावरच्या रविवारी मलिदा आणि सोमवारी विमान. म्हणजे तिच्या त्या घरातला हा शेवटचा मलिदा.

"पन प्रार्थनेला धा पुरुष लागतात गो," ती नारळ सोलता सोलता म्हणाली. "ते कसे जमायचे तेच—"

"एवढंच ना? मी आहे!"

"अगो, ऐक तरी. त्ये कसं हाय—"

"पण नाही आणि बिण नाही. तू नारळ खव. पुरुषांचं माझ्यावर सोड!"

(हे शेवटचं वाक्य नेमकं दारातून जाणाऱ्या पोस्टमनने ऐकलं. तो अजूनही आपलं पत्र फाटकातूनच टाकून पळतो.)

छत्तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि रोज हजेरी घेतली. जे हजेरीपटात बसत नाही ते जगात नसतंच, अशी माझी साधारण समजूत. घरी येऊन मी नवीन वही काढली, रकाने आखले आणि एक ते दहा आकडे घातले. एक नंबरवर तुमचे आजोबा.

"मी तिथे जाऊन काय करायचं?" आजोबा.

"गप्प बसायचं आणि मोजलं जायचं."

"म्हणजे घरी करतो तेच."

दोन नंबर, आपल्या शेजारचे इब्राहिमभाई. मुलगा आखातात, सून तिकडेच. ते आणि त्यांची स्कूटर इथे. "बाई, मी चालंन का पन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पुरुष आहात ना?" ते म्हणाले, "हाय बा, अजून तरी!" मी खूण केली. तीन नंबर, आपले सत्यनारायणाचे गुरुजी. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बाई, मंत्र कुठले?" मी म्हटलं, "मंत्र त्यांचे ते म्हणतील. तुम्ही संख्या." उरलेले सात मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांतून उचलले. त्यातला एक कंपनीतून रात्रपाळी करून आला होता. तो खुर्चीत बसल्या बसल्या घोरू लागला. झोपलेला माणूस मोजावा की नाही, याबद्दल मला क्षणभर शंका आली. मी मोजला.

डोकं झाकलेलं हवं, एवढं मला माहीत होतं. (अर्धवट माहितीसारखं धोक्याचं दुसरं काही नाही, पण ते नंतर कळतं.) मी दहा पांढऱ्या टोप्या आणल्या. रविवारी दुपारी तीन वाजता एस्तेरच्या अंगणात दहा टोप्या एका ओळीत बसल्या होत्या आणि मी फाटकात वही घेऊन उभी होते. आत एस्तेर पोहे भिजवत होती. तिला वाटत होतं, मी खुर्च्यांचं बघतेय.

एवढ्यात एक बुटके, साठीचे गृहस्थ आले. अंगात साधा सदरा, हातात जड कापडी पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ.

"एस्तेरबायचं घर ह्येच ना? पेनवरनं आलो. पोहे आनलेत."

पेणचे पोहे! मला वाटलं, एस्तेरने मागवले असतील. "बरं झालं. द्या इकडे."

"मी आत जाऊ?"

"आत कशाला? दहा झाले आमचे. पूर्ण!"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "धा झाले? खरंच झाले? देवाची किरपा! मग माजी काय गरज नाय. घरी बायकोला ताप हाय, मी चारच्या यष्टीनं परत फिरतो." आणि मला हात जोडून ते खरोखरच निघून गेले. किती समंजस पोहेवाला, असं मला वाटलं! मी वहीत नोंदही केली.

पाऊण तासाने अलिबागकडून जीप आली. तीतून प्रार्थना म्हणणारे हजानमामा उतरले आणि त्यांच्यामागे आणखी सहा पुरुष. एवढे पुरुष मी ठेवू कुठे? हजानमामा मात्र अंगणाकडे बघत जागीच थांबले. त्यांचे डोळे भरून आले.

"रोह्यात अजून आपली एवढी मानसं हायत? आनि मला ठाव नाय?" ते ओळीतल्या पहिल्या टोपीशी गेले. "नाव काय भाऊ?"

"दत्तात्रेय," आजोबा म्हणाले.

"बरं. आनि तुमचं?"

"इब्राहिम."

"हां!" मामा खुलले. "वडलांचं?"

"अब्दुल गफूर."

मामा घाईने पुढच्या टोपीकडे सरकले. तिसऱ्या टोपीखाली गुरुजी होते. त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "माझं गोत्र अत्रि." चौथा घोरत होता.

हजानमामा माझ्याकडे वळले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, धा पुरुष म्हंजे आमच्यातले धा."

मुलांनो, छत्तीस वर्षं मी वर्गाला सांगत आले, प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा. त्या क्षणी मला वर्गाबाहेर उभं करायला हवं होतं.

एस्तेर हात पुसत बाहेर आली. "त्येच तर सांगत होते तुला! मी फोन करकरून नऊ जमवलेत. मामा धरून सात, माजा दाविद आठ, गल्लीतले सॉलोमनकाका नऊ. दहावा आमचा बिन्यामिन. म्हनाला, बायकोला बरं नाय, जमलं तर येतो. सकाळपासून रस्त्याकडं डोळे लावून बसलेय. फोनबी लागत नाय." तिचा आवाज बारीक झाला. "आता नाय व्हायचा मलिदा. नऊ जनांत नाय व्हत."

उद्या ती जाणार होती. मामांना दिवस मावळायच्या आत परत निघायचं होतं. तिच्या त्या नव्या डोळ्यांत पाणी बघून मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पुन्हा एकदा लावून बघ," दाविद म्हणाला. एस्तेरने नंबर लावला.

आणि माझ्या पायाशी ठेवलेले पोहे वाजू लागले!

पिशवीतून, पोह्यांच्या आतून, खणखणीत रिंग. सगळं अंगण माझ्या पायाकडे बघू लागलं. घोरणारा जागा झाला. दाविदने पिशवीत कोपरापर्यंत हात घालून फोन बाहेर काढला. तुमच्या आजोबांनी (त्यांना अशा वेळी बरं सुचतं) माझी वही उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "तीन वाजून दहा मिनिटं. एक पोहेवाला. समंजस. परत पाठवला."

"परत?" एस्तेर ओरडली. "सुमन! कुठं गेला त्यो?"

"चारची एस.टी.," मी म्हटलं. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"बाई, बसा मागं! घट धरा!" इब्राहिमभाईंनी स्कूटरला लाथ मारली. मी चाळीस वर्षांत स्कूटरवर बसले नव्हते. एका हातात वही (ती का घेतली, देव जाणे), दुसऱ्या हातात इब्राहिमभाईंची कॉलर. पुलावर पेंढ्याने भरलेला टेम्पो पूर्ण रस्ता अडवून डुलत चालला होता. "अरे बाजूला घे रं, मानूस मोजायचाय!" इब्राहिमभाई ओरडले. टेम्पोवाल्याला काहीच कळलं नाही, पण घाबरून त्याने वाट दिली. माझ्या अंबाड्यात नवा पेंढा खोचला गेला तो रात्रीपर्यंत तिथेच होता.

स्टँडवर मी आजवर शेकडो वेळा एस.टी.ला नावं ठेवली असतील. त्या सगळ्या तक्रारी मी जाहीरपणे मागे घेते. चारची गाडी आलीच नव्हती! बाकावर बिन्यामिनभाऊ शांतपणे शेंगा खात बसले होते.

"भाऊ, चला! दहा नव्हते झाले!"

"अवो, तुमीच तर म्हनालात."

"झाले होते, पण चुकीचे. सगळे माझे होते!"

ते हसले, मग बायकोच्या काळजीने घुटमळले. मी माझ्या फोनवरून त्यांच्या घरी फोन लावून दिला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, "नुसता ताप हाय मला, मेले नाय मी! एस्तेरबायचं काम करूनच या!"

स्कूटरवर जागा दोघांचीच. दहावा पुरुष मी नव्हते, तेव्हा मी उतरले आणि त्यांना बसवलं. पूल मी चालत पार केला. खाली कुंडलिकेला भरती लागली होती, पलीकडे भाताची कापणी चालू होती, आणि मी मनातल्या मनात एकेकाचे आभार मानत चालले होते: उशिरा येणाऱ्या गाडीचे, इब्राहिमभाईंच्या ब्रेकचे, ताप असूनही ओरडू शकणाऱ्या त्या बाईंचे.

फाटकाशी पोचले तेव्हा आतून प्रार्थना ऐकू येत होती. खोलीत ते दहा जण उभे होते. आणि अंगणात माझे दहा, टोप्या घालून, तसेच ओळीत, हात जोडून. एकही उठून गेला नव्हता. एस्तेर दाराला टेकून दोन्हीकडे आळीपाळीने बघत होती.

प्रार्थना संपल्यावर माझे दहा जण संकोचाने निघू लागले, तेव्हा हजानमामा बाहेर आले. "कुठं चाललात? मोजायचं ते प्रार्थनेपुरतं. खायला सगळे!" मग पेणचे ते वाजणारे पोहेही भिजवावे लागले. गुरुजींनी मलिदा दोनदा घेतला. एस्तेरने पहिला घास मला भरवला आणि कानात म्हणाली, "तिकडं धा पुरुष एका हाकेत मिळतील गो. पन असली हजेरी घेनारी नाय मिळायची." सोमवारी ती गेली. मी रडले नाही असं आजोबांनी सांगितलं असेल, तर तेवढं मात्र त्यांनी खरं सांगितलेलं नाही.

आता तुमचं. दिवाळीला यायचं जमेल की नाही ते आयत्या वेळी कळेल, असं तुमची आई म्हणते. बेलाशक न कळवता या. फाटकात मी उभी नसेन. ते काम यंदापासून आजोबांना दिलंय.