टोपल्यातल्या चार भाकरी

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर शाळा उर्दूची मराठी झाली, पण केशव मास्तरांच्या वाट्याला इंग्रजीच राहिली. आजही त्यांनी घसा कोरडा करून सांगितलं, "काम कधी झालं ते सांगायचं, तर साधा भूतकाळ. वेळ सांगायची नाही, पण परिणाम आत्ता दिसतोय, तर हॅव नाहीतर हॅज. 'शी हॅज ईटन.' ती जेवली आहे, म्हणजे पोट आत्ता भरलेलं आहे." पोरांनी माना डोलावल्या आणि वहीत त्याच वाक्याला 'यस्टर्डे' जोडलंच.

दौलताबादच्या रस्त्यानं सायकल रेटत मास्तर पडेगावला घरी पोचले, तेव्हा तीन वाजले होते. नवऱ्याआधी जेवायचं नाही, ही यमुनाबाईंची रीत. त्यावरून काल मास्तर लई तापले होते. म्हणून आज बाईंनी एकच ताट मांडलं आणि म्हणाल्या, "मी जेवलेय."

मास्तरांनी टोपल्यावरचं फडकं उचललं. सकाळी त्यांच्यासमोर थापलेल्या चारही भाकरी तशाच होत्या. चिडायचंही त्राण नव्हतं. दुसरं ताट ओढून त्यांनी दोन भाकरी बायकोपुढं ठेवल्या.

"बस," ते म्हणाले. "आणखी एक वाक्य तपासायची ताकद नाही माझ्यात."