दोन पाट

झेंडूच्या वासात तेल लावलेल्या लोखंडाचा वास मिसळला, की राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमधली ती खंडेनवमी आठवते. आण्णा पूजेला दोन पाट मांडायचे. एकावर पक्कड, कात्री, विळी अशी घरातली हत्यारं आणि दुसऱ्यावर त्यांची पुस्तकं. त्या वर्षी नजर इतकी अधू झाली होती, की भिंग धरूनही पेपरातल्या मथळ्यांपलीकडं त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात असा ई-रीडर मी आणला. "असल्या डबड्याला माझ्या घरात पुस्तक म्हणायचं न्हाय," असं ओरडून त्यांनी बोलणंच टाकलं. मीही त्यांचीच लेक, महिनाभर मीही बोलले नाही. ई-रीडर दिसेनासा झाला, तेव्हा त्यांनी तो कुणाला तरी देऊन टाकला असणार, असंच मी धरलं होतं. आणि पूजेच्या वेळी ते तोच हातात घेऊन बाहेर आले. दोन पाटांच्या मधे त्यांचा हात थांबला. उदबत्तीसाठी पेटवलेली काडी माझ्या बोटापर्यंत जळत आली, तरी मला कळलं नाही. मग त्यांनी तो पकडीशेजारी ठेवला. म्हणजे पुस्तक नव्हेच ते. आईनं फूल भिजवून पाणी शिंपडायला हात उचलला, तसे आण्णा खेकसले, "अगं, त्याच्यावर पाणी नको! अजून निम्मं वाचायचं राहिलंय की माझं!" आता आण्णा नाहीत. पूजा मी मांडते, आणि तो ई-रीडर हातात घेतला की दोन पाटांच्या मधे माझाही हात थांबतो.