गोल्फच्या माळाविरुद्ध लिहिलेलं पत्रक

जी जागा तुम्ही कधी आत जाऊन पाहिली नाही, तिच्याविरुद्ध तुम्ही सही केली आहे का? मी तर अख्खं पत्रक लिहिलं होतं.

आमच्या घरी पत्रकं रद्दीत जात नसत. वडील ती जपायचे; मी अक्षरं त्यांवरच गिरवली. कॉलेजात असताना कोल्हापुरात कळंब्याच्या बसमधून मला गोल्फचा माळ दिसायचा. टोपी घातलेले दोन गृहस्थ आणि मागे त्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा माणूस. तेवढ्यावर मी लिहिलं, ‘साहेबी खेळ बंद करा, माळ जनतेला द्या!’ शाहूपुरीत छापून घेतलं आणि दुकानोदुकानी वाटलं.

दोन वर्षांनी माळ सांभाळणाऱ्या ट्रस्टच्या सचिव बाईंनी मला बोलावलं. त्या निवृत्त शिक्षिका. टेबलावर माझंच पत्रक होतं. माळावर दुकानगाळे बांधायला कुणीतरी अर्ज केला होता आणि लोकांनाच हा खेळ नको, याचा पुरावा म्हणून ते जोडलं होतं.

“माळ जनतेचाच आहे,” बाई म्हणाल्या. “संस्थानच्या दरबारानं तसाच दिला. लोक खेळतात तोवर तो खेळासाठी, खेळणं थांबलं की दुसऱ्या कामाला देता येतो, असं ट्रस्टच्या कागदात लिहिलंय. आत येऊन विचारायचं तरी होतंस.”

त्यांनी खेळणाऱ्यांच्या वह्या पुढे केल्या. एसटीचे ड्रायव्हर, नर्सबाई, गुळाचे व्यापारी. काठ्या ट्रस्टच्याच शेडमधून मिळत. अलीकडची पानं मात्र कोरी होती आणि लोक खेळतात का ते बघायला रविवारी धर्मादाय कार्यालयाचे निरीक्षक यायचे होते.

पुढचे चार दिवस मी पायपीट केली. तीच दुकानं पुन्हा चढले, रविवारी माळावर खेळायला या म्हणून सांगत.

“आमी? सायबाचा खेळ?” एक भांडीवाले हसले. “ताई, तुमीच छापलंय की! घडी अजून गल्ल्यात हाय.”

“चुकलं माझं.”

“मग तसं छापा की! चुकल्याचं पत्रक निघत न्हाय व्हय?”

रविवारी नऊजण आले. भांडीवालेही आले, बायकोला घेऊन. चेंडू ज्यांत घालायचा त्या खळग्यांभोवती तिथं हिरवळ नाही, तेल मारून दाबलेली वाळू आहे. माळाची निगा राखणारे म्हातारे माळी भांडीवाल्यांच्या बायकोला शिकवत होते, “जोर नगं लावू वैनी, कुस्ती न्हाय ही. गोटीगत ढकल.”

“गोट्यांत भावांस्नी हरवलंय मी,” म्हणत तिनं चेंडू ढकलला. तो खळग्याला वळसा घालून पुढे गेला.

निरीक्षकांनी मलाच विचारलं, “हे लोक नेहमी येतात?”

बाई खाली बघत होत्या. ‘हो’ म्हटलं असतं तर कदाचित सगळं तिथंच मिटलं असतं. पण न पाहता लिहून मी माळ धोक्यात घातला होता. आता पाहून खोटं कसं बोलू?

“नाही,” मी म्हणाले. “बरेचजण आज पहिल्यांदाच आलेत. मी बोलावलं म्हणून.”

त्यांनी लिहून घेतलं. “मग मी पुन्हा येईन. न कळवता.”

बाई त्या दिवशी माझी वाट न बघता घरी गेल्या. गाळ्यांच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. फाटकाशी अनोळखी गाडी थांबली की मी आधी वहीकडे बघते, कारण कित्येक संध्याकाळी वहीत माझं एकटीचंच नाव असतं.

सभा, मोर्चा, सह्या यांतलं आता काहीच मागत नाही. कोल्हापुरात असाल तर एखाद्या साध्या मंगळवारी कळंब्याच्या रस्त्याला या. शेडमधून काठी मागून घ्या, मनासारखं खेळा आणि वहीत आपल्या हातानं नाव लिहा. आवडलं तर पुढच्या मंगळवारीही या.