एका मांडवात दोन कामं

आमच्या गावाला सत्काराची भारी घाई. कुणी निवडणुकीला उभा राहिला की निकालाआधीच सत्कार, कुणी नोकरीच्या मुलाखतीला मुंबईला निघाला की एस.टी.च्या फाट्यावरच हार. पुढं काम झालं की नाही, ते विचारायला कुणाला वेळ आहे? माझाही सत्कार झाला होता. सत्तरी आली तरी त्याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी मॅट्रिकला होते. राहुरी तालुक्यातलं आमचं गाव कालव्याखालचं, त्यामुळे ऊस होता, हायस्कूल होतं. इंग्रजीच्या बाईंनी मला एका योजनेच्या मुलाखतीला पुण्याला नेलं. इथल्या मुलीनं वर्षभर अमेरिकेत एका कुटुंबात राहायचं, तिथल्या शाळेत शिकायचं आणि परत यायचं, अशी ती योजना. माझी निवड झाली. ज्यांच्या घरी मी राहणार होते त्या बाईंनी एक रंगीत फोटो पाठवला. खिडकीशी पलंग, त्यावर निळी चादर, शेजारी टेबल. ही तुझी खोली, असं मागं लिहिलेलं. आमच्याकडं आम्ही सगळी भावंडं एका सतरंजीवर झोपायचो. तो फोटो मी इतक्यांदा हाताळला की त्याचे कोपरे मऊ पडले.

खोटं कशाला बोलू, वडिलांनीही आधी हौसेनं केलं. नगरच्या कापडबाजारातून लोकरीचं जाड कापड आणलं आणि गावच्या शिंप्याकडून कोट शिवून घेतला. शिंप्यानं जन्मात कधी बायकांचा कोट शिवला नव्हता. त्यानं तो पोलीसपाटलांच्या कोटावरून बेतला. भर वैशाखात मी तो घालून घरभर फिरायचे आणि आई हसायची.

मग एक दिवस भावकी ओट्यावर बसली. काय बोलणं झालं देव जाणे, पण वडील आत आले ते ठरवूनच.

"मोकळी पोरगी परदेशी धाडली तर लोकं तोंडात शेन घालतील," ते म्हणाले. "साखरपुडा करून धाडू. गाठ मारलेली असली म्हंजे कुनाची बोलायची टाप न्हाई."

"अण्णा, पन मी जानार ना नक्की?"

"जानार म्हंजे? कोट काय बुजगावन्याला शिवलाय व्हय?"

म्हणून मी हो म्हणाले. मुलगा श्रीगोंद्याकडचा, शेतकी कॉलेजात शिकलेला. गाव माझ्या सत्काराचा मांडव शाळेच्या पटांगणात घालणारच होतं, तर वडिलांनी साखरपुडाही त्यातच उरकायचं काढलं. लाउडस्पीकर तोच, पेढे तेच, माणसंही तीच. एका मांडवात दोन कामं झाली म्हणून ते स्वतःवरच खूष होते.

आधी साखरपुडा झाला. होणाऱ्या सासूबाईंनी मला कुंकू लावलं, ओटी भरली, साखरेचा पुडा हातात दिला. मग सरपंचांनी हार घातला आणि परदेशी शिकायला निघालेली गावची पहिली लेक म्हणून खण-नारळ दिला. तेवढ्यात होणारे सासरे उठले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"पोरीनं गावाचं नाव काढलं, लई ब्येस झालं," ते म्हणाले. "मान मिळाला, हार मिळाला. आता तिकडं जायाचं काय कारन? ती आता आमची सून हाय. आमच्या सुनंवर लोकाच्या घरी ऱ्हायाची येळ आली न्हाई अजून!"

लोक खो खो हसले. मग टाळ्या पडल्या.

मी वडिलांकडं पाहिलं, तर ते हातातल्या नारळाकडं बघत होते. मुलगा स्वतःच्या बुटांकडं बघत होता. बायकांच्यातून आमच्या इंग्रजीच्या बाई तेवढ्या उभ्या राहिल्या. "अहो, असं कसं? तिची जागा..." एवढंच त्या बोलल्या. "बाई, बसा खाली," कुणीतरी म्हणालं, आणि त्या बसल्या.

घरी आल्यावर मी साखरेचा पुडा वडिलांसमोर आपटला.

"तुमी शब्द दिला हुता."

"व्याही भर मांडवात बोलले. आता त्यांच्या शब्दाभाईर गेलो तर सोयरीक मोडंल. मोडल्याली पोरगी कोन करून घेनार?"

गाठ यांनीच मारली आणि दोरी दुसऱ्याच्या हातात दिली. माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्या थंडीत वडील माझा कोट घालून उसाला पाणी द्यायला जायचे. पोलीसपाटलांच्या मापाचा, त्यांना अगदी बरोबर बसला. "ऊब लई हाय याला," असं मला सांगायचे, माझ्या तोंडावर! मला तो कोट चुलीत घालावासा वाटायचा.

पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. नवरा माणूस म्हणून वाईट नव्हता. बरीच वर्षं गेल्यावर मी त्यांना विचारलं, त्या दिवशी एक शब्द का नाही बोललात? "मला कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. मला तरी कुणी विचारलं होतं? त्यानंतर मी कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

मागल्या वर्षी त्याच हायस्कूलनं मला पाहुणी म्हणून बोलावलं. पटांगण तेच, मांडव तसाच. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली. "त्या काळी अमेरिकेत शिकून आलेल्या आपल्या गावच्या पहिल्या कन्या!" गावानं सत्कार केला होता, म्हणजे मी गेलेच असणार. इतकी वर्षं गाव तेच सांगत आलं होतं. अंगावर घातलेली शाल मी काढून खुर्चीवर टाकली आणि माईक ओढून घेतला.

"मी अमेरिकेला गेले नाही," मी म्हणाले. "याच पटांगणात मला अडवलं, आणि तुमच्या बापांनी टाळ्या वाजवल्या."

 मग पुढच्या रांगेतून कुणीतरी सुरुवात केली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.