गोटमारीपुरतं घट्ट रक्त

आमच्या ह्यांच्या हृदयाचा ठोका चुकतो, हे कळायला नागपूरचा डॉक्टर लागला. त्याआधी आठ महिने पांढुर्ण्यातल्या झाडून सगळ्यांनी त्यांना गॅस झाल्याचं सांगितलं होतं, आणि आमच्या गावाने एकदा गॅस म्हटलं की त्यावर अपील नाही. छातीत फडफड झाली की हे ओवा चावायचे, ढेकर काढायचे आणि "गेला" म्हणायचे. शेवटी एके दिवशी पेन्शनच्या कामाला बँकेत गेले आणि रांगेतच चक्कर येऊन पडले. ओव्याची पुडी तेव्हाही खिशात होती.

नागपूरचा डॉक्टर तरुण होता, पण समजावून सांगायची त्याची तयारी म्हाताऱ्या मास्तरासारखी होती. त्याने कागदावर हृदय काढलं. वरचा कप्पा नीट आवळत नाही, नुसता थरथरतो, म्हणून रक्त आत साचतं. साचलं की त्याची गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा. त्यासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. आणि पुढे मांडीच्या शिरेतून तार वर न्यायची आणि जिथून चुकार ठोके निघतात ती जागा आतून डागायची. आमच्याकडे पूर्वी बैल लंगडायला लागला की डागायचे, त्यामुळे ह्यांना सगळ्या उपचारांत हा एकच पटला.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र तीन वेळा बजावली. डागण्याच्या दिवसापर्यंत गोळीची एकही वेळ चुकायला नको. बाकीच्या ऑपरेशनच्या आधी अशी गोळी बंद करतात, इथे उलट आहे. त्या दिवशी सकाळचीसुद्धा घ्यायची. तारीख मिळाली ती पोळ्यानंतरच्या आठवड्यातली. ती वाचली आणि मला घाम फुटला.

का फुटला ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. अलीकडच्या काठावर पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. मग दिवसभर दोन्ही गावं एकमेकांना दगड मारतात. ही गोटमार. कारण विचारलं तर जो तो एक प्रेमकहाणी सांगतो, प्रत्येकाची थोडी वेगळी. माझी नणंद सावरगावात दिलेली आहे. सकाळी तिच्याकडून पुरणपोळीचा डबा येतो, दुपारी तिची पोरं मामाच्या दिशेने दगड भिरकावतात, आणि दिवेलागणीला तिचा फोन येतो, "दादाले लागलं तं नाई ना?"

माझं माहेर सौंसरचं. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला मी दाराला कडी घालून बसले होते, मला वाटलं दंगल झाली. सासरे म्हणाले, "दंगल कायची, सण आहे." तेव्हापासून मी ह्या सणाची टिंगल करत आले आहे, आणि घरातले पुरुष ती ऐकून घेत आले आहेत, दर वर्षी न चुकता नदीवर जाऊन.

आमचे हे चौसष्ट वर्षांचे. दगड उचलायला वाकले तर उठायला दुसरा माणूस लागतो. पण नदीवर उभं राहून तरुणांना मार्गदर्शन करायला वयाची अट नाही. दोन वर्षांपूर्वी एक गोटा खांद्यावर बसला, तर महिनाभर सदऱ्याचं बटण उघडून गावाला तो काळानिळा डाग दाखवत फिरले. नोकरीत तीस वर्षं काढली त्याचं एवढं कौतुक त्यांनी कधी करून घेतलं नाही.

पोळ्याला पाच दिवस उरले असताना माझे दीर आले. भाऊजी म्हणजे आमच्या घरातले बिनपदवीचे डॉक्टर.

"दादा, पातळ रक्त घेऊन नदीवर येऊ नोको," ते म्हणाले. "डोक्याले गोटा लागला तं थांबनार नाई ते."

"मंग का घरी बसू? बायामंदी?"

"चार दिवस गोळी बंद कर. रक्त घट्ट होते. मंग सुरू कर. माह्या सासऱ्याची दाढ काढली तवा डॉक्टरनंच बंद करायले लावली होती."

मी त्यांना फैलावर घेतलं. म्हटलं, भाऊजी, दाढ आणि हृदय ह्यांत तुम्हाला काही फरक दिसतो का? दिसत असेल तर सांगा, म्हणजे मलाही कळेल. मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. आठवीच्या पोरांना रक्ताभिसरण शिकवताना मी हाताने फळ्यावर हृदय काढायची, तेही दोन रंगांच्या खडूंनी. हे म्हणाले, "गोळीबी घेईन अन् नदीवरबी जाईन. तू टेन्शन घेऊ नोको." वादात मी जिंकले आणि घरात नेहमी होतं तेच झालं, म्हणजे ठरलं त्यांचंच.

दोन दिवस मी दिरांच्या अकलेवर तोंडसुख घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं तेच मी केलं.

हे लिहायला आजही जड जातं. ह्यांना गोळ्या मीच द्यायची. सकाळ-संध्याकाळ तळहातावर ठेवायची, हे पेपरमधून डोकं न काढता तोंडात टाकायचे. माझी ताकदीची गोळी त्या गोळीच्याच रंगाची होती. पोळ्याच्या आधीचे तीन दिवस, पोळा, आणि गोटमारीची सकाळ, एवढा वेळ मी त्यांना माझी गोळी दिली. मला त्यांचं फुटलेलं डोकं दिसत होतं आणि न थांबणारं रक्त दिसत होतं. गुठळी दिसत नव्हती. पस्तीस वर्षं शिकवलेलं सगळं त्या एका भीतीपुढे वाहून गेलं.

डॉक्टरांना फोन का केला नाही, असं कोणीही विचारेल. नंबर होता. फोन हातात घेतलाही होता. पण बोलणार काय? साहेब, आमच्या गावात एक दिवस लोक एकमेकांना दगड मारतात, आणि तुमचा पेशंट, सेवानिवृत्त सरकारी कर्मचारी, तिथे जाणारच म्हणतो, तर गोळीचं काय करू? मला लाज वाटली. गावाची लाज वाटली म्हणून मी नवऱ्याच्या जिवाशी खेळले, असं सरळ म्हटलेलं बरं.

गोटमारीला हे गेले, काठावर उभे राहिले, घसा बसेपर्यंत ओरडले आणि साधा ओरखडाही न घेता परत आले. "यंदा पोरायमंदी दम नाई," म्हणाले. त्या संध्याकाळपासून मी खरी गोळी सुरू केली आणि देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली. सुटलो, असं वाटलं मला.

पुढच्या आठवड्यात आम्ही नागपूरला दाखल झालो. डॉक्टर कागद घेऊन आले. "गोळी कधी चुकली का? एखादी वेळ?"

"एकबी नाई," हे छाती काढून म्हणाले. "इचारा हिले. हीच देते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं होतं ते "नाही चुकली" म्हणायलाच. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराचे कान पिरगाळणारी बाई मी, आणि माझं खोटं अगदी जिभेवर तयार होतं. पण ह्यांच्या अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा, मागून नाड्या बांधलेला, त्यात हे इतके निर्धास्त बसले होते की मला ते बोलवेना. मी म्हणाले, "चार-पाच दिवस चुकली. मी चुकवली." आणि गोटमारीसकट सगळं सांगितलं.

"काय बोलून राहिली तू?" हे म्हणाले.

डॉक्टर रागावले नाहीत. उलट म्हणाले, "पांढुर्ण्याचे तुम्ही. मी तारीख देतानाच विचारायला हवं होतं. फोन केला असता तर मी ह्यांनाच सांगितलं असतं, गोळी घ्या आणि घरी बसा." म्हणजे त्यांना गोटमार माहीत होती. जी लाज मी झाकत होते ती नागपूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती.

मग घशातून नळी घालून ह्यांचं हृदय आतून पाहिलं. कोपऱ्यात गुठळी होती. ती त्या चार-पाच दिवसांतच झाली असं खात्रीने सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एवढं मात्र नक्की, की ती असताना तार आत घातली असती तर तिथल्या तिथे लकवा होऊ शकला असता. काम पुढे ढकललं. गोळी चालू, दोन महिन्यांनी परत तपासणी.

घरी आल्यावर दिरांनी विचारलं तर हे म्हणाले, "मशीन खराब होती." गावभर त्यांनी तेच सांगितलं. मला वाचवायला सांगितलं की स्वतःची लाज झाकायला, हे मी कधी विचारलं नाही. दोन महिन्यांत गुठळी विरघळली, डागणंही झालं, आता ठोका बरा आहे. वय आणि बीपी पाहता गोळी मात्र कायमची आहे.

यंदा गोटमारीच्या दिवशी सकाळीच दीर बोलवायला आले. मी चहा ठेवत होते.

"मी नाई येत," हे म्हणाले.

"काहून? गोट्याचं भेव लागून राहिलं का?"

"गोट्याचं नाई. हिचं लागते. गोटा कोनीकडून येऊन राहिला ते दिसते तरी."

दीर खो खो हसले आणि तसेच हसत नदीकडे गेले. तिथे त्यांनी ते चार जणांना सांगितलंही असेल. हे हसले नव्हते. मला ते फार लागलं, आणि एरवी चार वाक्यं सुनावणारी मी गप्प राहिले, कारण माणूस खरं बोलत होता.