कावेरीने मागितलेलं पुस्तक

कोकणात तळेऱ्याजवळच्या एका गावात विमला सामंत ग्रंथपाल होत्या. बायका वाचनालयाची पायरी चढत नाहीत, म्हणून त्या स्वतःच पिशवीत पुस्तकं भरून घरोघरी जात. कादंबऱ्या, व्रतकथा, पाककृती. बायकांना काय हवं ते आपल्याला पुरतं ठाऊक आहे, असं त्या समजत.

१९८४च्या मार्गशीर्षात त्या राधाबाईंच्या घरी गेल्या. सून कावेरीने पुस्तकाला हात लावला नाही. सासू परसात गेल्यावर ती हळूच म्हणाली,

"बाई, पोरां जगनत नाय कित्याक, ता सांगणारा पुस्तक आसा?"

विमलाबाईंनी पिशवी बाजूला ठेवली.

"पैलो झील बरो आसा. मागची दोनूय पिवळी जन्मली नि गेली. आता परत दिवस गेलेसत. ह्या जगला नाय तर सासू घोवाचा दुसरा लगीन करतली."

त्या दोन्ही मृत्यूंची खबर विमलाबाईंना होती. कावेरीचं मन रमावं म्हणून त्यांनी मुद्दाम विनोदी कादंबऱ्या आणून दिल्या होत्या. ते आठवून त्यांनी बाहेर काढलेली पुस्तकं पिशवीत परत भरली.

वाचनालयात तसं पुस्तक नव्हतं. वाचनालयाचे अध्यक्ष दाजी यांनी ते मागवायला साफ नकार दिला. "बाळंतपणाची पुस्तकं वाचनालयात? लोक काय म्हणतील?"

विमलाबाई स्वतःच कोल्हापूरला गेल्या आणि बाळंतपणावरचं एक मराठी पुस्तक घेऊन आल्या. परतीच्या यष्टीत एका पानावर त्यांची नजर खिळली. पहिलं मूल ठणठणीत, पुढची पिवळी पडून जातात, तेव्हा आईच्या आणि बाळाच्या रक्ताचा मेळ नसू शकतो. रक्त तपासून घ्यावं. फाट्यावर उतरून त्या थेट राधाबाईंकडे गेल्या आणि कावेरीचा नवरा महादू याला समोर बसवून ते पान मोठ्याने वाचून दाखवलं.

महादू पुस्तक जवळ ओढून ते पान बघू लागला. मग म्हणाला, "कणकवलीक रगत तपासतत?"

तपासणीत तेच निघालं आणि कणकवलीहून कावेरीला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. तिचं रक्त बदलावं लागलं, पण ती जगली.

विमलाबाई भेटायला गेल्या तेव्हा डॉक्टर सहज बोलून गेले, "पहिल्या बाळंतपणानंतर लगेच एक इंजेक्शन मिळालं असतं, तर आधी गेलेली दोन्ही बाळं बहुधा वाचली असती."

"एक इंजेक्शन?" विमलाबाईंनी पुन्हा विचारलं. मग त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. कावेरीला हे सांगायला त्यांची जीभ कधीच रेटली नाही.

विमलाबाईंनी ते पुस्तक वाचनालयात ठेवलं म्हणून दाजी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत, पण पुस्तक कपाटात राहिलं. विमलाबाई आता दारात गेल्या की पिशवी उघडण्याआधी विचारत, "तुला काय जाणून घ्यायचंय?"

शेवंती त्यांची जुनी वाचक, दर आठवड्याला कादंबरी घेणारी. तिलाही त्यांनी विचारलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली,

"माका वाचूक खंय येता, बाई? तुमी उन्हातान्हातसून येतास, म्हणान घेतंय."

विमलाबाई तिथेच ओट्यावर टेकल्या. पुढल्या खेपेला त्यांनी पाटी आणि पेन्सिल नेली.